वीतभर वड

१

सुगंधाचा दिवस दोनदा उजाडायचा. एकदा पहाटे पाचला, नळाला पाणी आलं की. तो उजेड घरासाठी. दुसऱ्यांदा दुपारी अडीचला, भांडी पालथी घालून, ओटा पुसून, दाराला आतून कडी घातली की. तो फक्त तिच्यासाठी.

मुलुंडला हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. नवरा-बायको दोघंच, मुलगी लग्न होऊन मानखुर्दला गेलेली. स्वयंपाकघरामागे हातभर रुंदीची गॅलरी. तिथे रॉकेलचा डबा, केरसुणी, एक पालथी बादली, आणि बादलीच्या मागे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडू नये असा, एक वड.

एक वीत आणि वर चार बोटं, एवढीच त्याची उंची. दहा वर्षांपूर्वी सांडपाण्याच्या पाइपाजवळच्या भेगेत तो उगवला होता. बोर्डाची माणसं भिंत खरवडायला येणार म्हटल्यावर सुगंधाने आदल्या दिवशी तो अलगद उपटून घेतला. वामनवृक्षांवर एक लेख कुठल्याशा साप्ताहिकात आला होता. तो कापून तिने डाळीच्या डब्याखाली ठेवला आणि वाचून वाचून सगळं शिकली. इनॅमलच्या थाळीला खिळ्याने भोकं पाडली. जळलेल्या पंख्यातली तांब्याची तार मागून आणून फांद्यांना वळण लावलं. दर दोन वर्षांनी झाड थाळीतून काढून मुळं छाटली. आता त्याचं खोड मनगटासारखं दिसायचं, म्हणजे बाहुलीच्या मनगटासारखं, आणि एका फांदीवरून पाच पारंब्या मातीत उतरल्या होत्या. खाली तिने मागच्या भिंतीवरचं शेवाळ आणून लावलं होतं. हिरवंगार, मखमलीसारखं.

घराबाहेरच्यांपैकी ते झाड शेजारच्या राधाने तेवढं पाहिलं होतं.

"अगं, हे प्रदर्शनात ठेव ना!" राधा म्हणाली होती. "पेपरात फोटो येईल. सौ. सुगंधा, मुलुंड!"

"नको गं बाई."

"का नको? मी असते तर सगळ्या बिल्डिंगला तिकीट लावून दाखवलं असतं."

"म्हणून तर तुझ्याकडे नाही ते," सुगंधा हसून म्हणाली. "मला बघायला आवडतं. तेवढं पुरे."

आणि ते खरंच पुरे होतं. रोज अडीच ते साडेतीन ती बादलीवर बसायची आणि झाडाकडे बघायची. त्या तासात ती कोणाची आई नव्हती, बायको नव्हती. कोणी विचारलं असतं तर काय करतेस हे तिला सांगताही आलं नसतं.

२

फाल्गुनात पानं गळायला लागली. वडाचीच ती, पण नखाएवढी. रोज दोन-चार पिवळी पानं शेवाळावर पडायची आणि सुगंधा चिमटीने उचलायची.

एके दुपारी उचलायला पानंच नव्हती. म्हणजे होती, पण थाळीच्या कडेला होती. तीन पानं, एकावर एक रचलेली.

वाऱ्याने गेली असतील, तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन पानं, त्याच जागी, एकावर एक. तिने उचलून टाकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वारा रोज एकाच जागी कसा येईल, असं मनात आलं आणि तिने ते झटकलं. गॅलरीचा आकारच तसा असेल. कोपऱ्यात नाही का केर गोळा होत?

मग तिला ती रेघ दिसली.

शेवाळात, थाळीच्या कडेपासून खोडापर्यंत, एक पुसट रेघ. तिथलं शेवाळ दबून तपकिरी झालं होतं. सरळ नव्हती रेघ. एका खड्याला वळसा घालून गेली होती. सुगंधाचं बालपण कुडाळजवळच्या गावात गेलं होतं. माळावरून विहिरीकडे जाणारी पायवाट अशीच असायची. कोणी मुद्दाम केलेली नसायची. जाऊन जाऊन झालेली असायची.

मुंग्या असतील. मुंग्या नाही का एकाच वाटेने जात?

ती तासभर बघत बसली. एकही मुंगी आली नाही.

३

"राधा, तू माझ्या झाडाला हात लावतेस का गं?"

राधा तिच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

"मी? तुझ्या घरात मी येणार कुठून, पाइपावरून चढून? या वजनाने?"

"तसं नाही, चावी असते ना तुझ्याकडे."

"चावी असते ती तुझा सिलिंडर आला तर. काय झालं? मोडलं का?"

"नाही. कोणीतरी झाडतं तिथे."

राधाने तिच्याकडे नीट पाहिलं. "कोण झाडतं?"

"तेच कळत नाही."

"बरं आहे बाई तुझं," राधा म्हणाली. "माझ्याकडे तर कोणी खोलीसुद्धा झाडत नाही. आमचा पोरगा भीमराज उठतो ती चादरही तशीच टाकून जातो. पाठव त्यांना इकडे."

दोघी हसल्या. पण हसताना सुगंधाच्या लक्षात आलं, राधाने सूप पुन्हा हातात घेतलं नव्हतं.

त्या दुपारी सुगंधाने झाडाजवळ कान नेला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक गुणगुण आली. बंद दाराच्या पलीकडे पुष्कळ माणसं एकदम बोलत असली की शब्द कळत नाहीत, नुसता सूर कळतो, तशी. तळमजल्यावरचा रेडिओ असेल म्हणून ती खाली गेली. तळमजल्याला कुलूप होतं.

वर येऊन तिने पुन्हा कान लावला. आता सगळं गप्प होतं. बोलणारी माणसं तिऱ्हाईत आला की गप्प होतात, तसं.

४

वटपौर्णिमेला ती शाळेमागच्या मोठ्या वडाला जाऊन आली. बायकांची झुंबड होती. तिला गर्दीचा धसका, तरी कसेबसे सात फेरे घातले, दोरा गुंडाळला आणि घरी आली. दुपारचे अडीच झाले होते.

थाळीतल्या वडाच्या खोडाला दोरा होता.

केसाहून बारीक, पांढरा, उन्हात मधूनच चमकणारा. खोडाभोवती गुंडाळलेला. आणि शेवाळात आता नुसती रेघ नव्हती, खोडाभोवती गोल रिंगण पडलं होतं.

तिचा नवरा जयवंत त्या दिवशी लवकर आला. तो पूर्वी लालबागच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होता. कापड तपासायचं, धागे मोजायचे. संपात गिरणी गेली ती गेलीच. पण धागे मोजायची पितळेची काच त्याने जपून ठेवली होती. घडी उघडली की ती आपल्या पायांवर उभी राहायची. दर दसऱ्याला तो ती चिंचेने घासायचा आणि देवासमोर ठेवायचा.

"अहो, जरा ती काच आणा," सुगंधा म्हणाली. "हे काय आहे बघा."

तो उकिडवा बसला. काच झाडाला टेकवली, एक डोळा मिटला. पंचवीस वर्षं तो असाच बसला होता. मान, खांदे, सगळं आपोआप जागेवर आलं.

"सूत आहे," तो म्हणाला.

"कोळ्याचं नाही?"

"कोळी पीळ देतो का? दोन पदरी आहे हे. पीळ दिलेलं. हातचाच पीळ, एकसारखा नाहीये." तो मोजत होता, ओठ हलत होते. "सात फेरे. शेवटाला गाठ."

"मग?"

"मग काय." त्याने डोळा काढला नाही. "असलं सूत निघत नाही, सुगंधा. सूत कातायच्या कुठल्याच चातीवर निघत नाही. एवढी बारीक चाती असते कुठे?"

मग तो एकदम मागे सरकला. काचेची घडी घातली.

"काय दिसलं?"

"काही नाही."

"अहो, काय दिसलं?"

"डोळे थकलेत माझे," तो म्हणाला. "कोळ्याचंच असेल. चहा टाक."

५

चहा पिता पिता त्याने सांगितलं.

गिरणी गेल्यावर तो भांडुपच्या एका कारखान्यात लागला होता. तीन वर्षं झाली तरी टेम्पररीच. दर सहा महिन्यांनी घरी बसवायचे, पुन्हा बोलवायचे. आता साहेबांच्या बाईंचा कसलासा लेडीज क्लब होता, पंधरा दिवसांनी त्यांचं झाडांचं प्रदर्शन होतं.

"बोलता बोलता निघालं गं. मी म्हटलं, आमच्या घरी वड आहे. दहा वर्षांचा. बाईंचे डोळे असे झाले. साहेब समोरच होते. म्हणाले, पेडणेकर, तुमचे कागद पुढे पाठवायला सांगतो."

सुगंधाने कप खाली ठेवला. "त्यांना बघायचाय?"

"बघायचा नाही. हवाय. त्या ठेवणार प्रदर्शनात. त्यांच्या नावाने."

"माझं झाड? त्यांच्या नावाने?"

"तुला कुठे नाव पाहिजे आहे?" जयवंत म्हणाला. तो ते दुष्टपणाने म्हणाला नाही. खरंच विचारलं त्याने. "तूच म्हणतेस ना, लोकांनी बघायला नको, बक्षीस नको? मग त्यांनी नाव लावलं तर तुझं काय गेलं?"

काय जातं ते तिला आतून पक्कं ठाऊक होतं, पण बोलायला गेलं की ते काहीच नसल्यासारखं वाटत होतं. समोर जयवंत बसला होता. पन्नाशीला आलेला, कॉलर उलटवून शिवलेल्या शर्टात. पुन्हा सहा महिने घरी बसण्याच्या भीतीने त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"न्या," ती म्हणाली.

रात्रभर तिला एकच गोष्ट डाचत राहिली. झाड जाईल ते जाईल. पण तिथे जे कोणी येत होतं, त्यांचं काय? तिथे मंडपात, ट्यूबलाइटखाली, शंभर माणसं वाकून बघणार.

मग तिने स्वतःलाच दटावलं. कोण येतंय? काय बोलतेस तू?

६

तिचे वडील गावी झाड तोडायच्या आदल्या दिवशी मुळाशी मूठभर तांदूळ आणि नारळ ठेवायचे. फणस असो, आंबा असो. हात जोडून मोठ्याने सांगायचे, "हंय जो कोण ऱ्हवता, तेनी उद्या सकाळपर्यंत खळ्यातल्या आंब्यार जावचा. ह्या झाड आमी तोडतलाव." तिथे राहणारं पाखरू असेल, साप असेल, आणखी कोणी असेल, त्याने त्या आंब्यावर राहायला जायचं. न विचारता कुऱ्हाड घातली तर ते घरात येतं, असं म्हणायचे.

सुगंधाने दहा वर्षांत पाच वेळा वडाची मुळं छाटली होती. फांद्या तर किती, त्याला गणती नाही. एकदाही विचारलं नव्हतं. वीतभर झाडाला कोण विचारतं?

बाईंची गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी तिने तांदळाच्या सात कण्या घेतल्या आणि खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा. खोडाशी ठेवले. तिला आपलंच हसू आलं, पण हात जोडले गेले. ती गावची बोली ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

"हंय जो कोण ऱ्हवता," ती हळूच म्हणाली, "तेनी उद्या सकाळपर्यंत..."

दारावर थाप पडली. जयवंत आला होता. कुकरची शिट्टी झाली. सुगंधाने पदराने तोंड पुसलं आणि घाईघाईने म्हटलं, "जावचा," आणि ती उठली.

सकाळी कण्या नव्हत्या. शेवाळावर पाच पिवळी पानं पडली होती. कुठे एक, कुठे एक, जशी पडतात तशी. कोणी गोळा केली नव्हती. दोरा सुटून मातीत पडला होता. तिने कान लावला. झाड नुसतं झाड होतं.

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं.

गाडी आली. ड्रायव्हरने थाळी मागच्या सीटवर ठेवली. बाई आतूनच म्हणाल्या, "हाऊ स्वीट!" गाडी वळणाआड गेली आणि सुगंधाला एकदम आठवलं. वडील नुसतं जा म्हणायचे नाहीत. कुठे जा ते सांगायचे. खळ्यातला आंबा. विहिरीवरचं भेंडीचं झाड. नेहमी दुसऱ्या झाडाचं नाव घ्यायचे.

तिने नाव घेतलं नव्हतं.

७

वडाला पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला, बाईंचा. झाडाचा अर्धाच. राधाने तो कापून आणून दिला आणि बाईंना दोन शिव्या घातल्या. गणपतीपर्यंत झाड वाळलं. रोज पाणी घालत होते म्हणे, काय झालं कळलं नाही. जयवंत दिवाळीला पर्मनंट झाला. त्याने पेढे आणले, पहिला तिच्या हातावर ठेवला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्यामुळे."

दुपारी अडीचला सुगंधा अजून दाराला कडी घालायची. बघायला काही नव्हतं, पण सवय. ती गॅलरीत जायची आणि झाड असायचं त्या जागी उभी राहायची. बसावंसं वाटत नसे. पाच मिनिटं उभं राहावं म्हणायची आणि खालून शाळा सुटल्याचा गलका आला की कळायचं, साडेपाच झाले.

"अगं, तू बोलता बोलता अशी थांबतेस काय?" राधा एकदा म्हणाली. "डोळेसुद्धा हलत नाहीत. डॉक्टरला दाखव."

"कमजोरी असेल."

"लोह कमी पडलं असेल. शेवग्याचा पाला खा."

ती पाला खायला लागली. फरक पडला नाही.

माघात तिच्या लक्षात आलं की गॅलरीतली धूळ सगळीकडे सारखी नाही. ती उभी राहायची तिथे, पावलांभोवती, गोल जागा स्वच्छ असायची. तिच्याच साडीचा घोळ घासत असेल. दुसऱ्या दिवशी तिने साडी वर खोचली. भानावर आली तेव्हा जागा तशीच स्वच्छ होती आणि कडेला लिंबाची दोन वाळकी पानं होती. एकावर एक.

तिने जयवंतला सांगितलं नाही. राधालाही नाही. भीती वाटत होती, हे खरं. पण त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते तिचं एकटीचं होतं. झाड गेल्यापासून तिच्याकडे तिचं एकटीचं असं काहीच नव्हतं.

८

वटपौर्णिमेला ती मोठ्या वडाला गेली नाही. राधाला म्हणाली, पाय जड झालेत. ते खोटं नव्हतं.

दुपारी ती गॅलरीत भिंतीला टेकून खाली बसली. एक गुडघा उभा, एक आडवा. रॉकेलच्या डब्यावर ऊन पडलं होतं. कुठेतरी कोणीतरी मसाला कांडत होतं. मग तो आवाज मागे गेला आणि ती जुनी गुणगुण आली. बंद दारापलीकडची. या वेळी ती गप्प झाली नाही. आणि या वेळी सुगंधाला कळलं, त्या सगळ्या बायका आहेत. शब्द नाही कळले. पण एकमेकींना सरक म्हणणाऱ्या, मध्येच हसणाऱ्या, घाईत असलेल्या बायकांचा सूर तिने जन्मभर ऐकला होता.

उभ्या पायाच्या घोट्याला काहीतरी हुळहुळलं.

केस असेल. तिने खाली पाहिलं. घोट्यावर एक पांढरी रेघ होती, उन्हात मधूनच चमकणारी.

पितळेची काच तिच्या मांडीवर होती. सकाळीच ती तिने जयवंतच्या कपाटातून काढली होती. कशासाठी काढते आहे, हे तेव्हा तिने स्वतःला विचारलं नव्हतं. तिने घडी उघडली. दोन्ही हातांनी धरून तिने ती घोट्याजवळ टेकवली आणि मान वाकवली.

"सुगंधा!" राधाने दार वाजवलं. "झोपलीस का गं? उघड, वाण आलंय खालून. सुगंधा!"

उठायला हवं होतं. नुसता पाय झटकला असता तरी चाललं असतं. एवढासा दोरा, श्वासाने तुटेल असा. पण पाय हलवला तर तिथे कोण होतं, किती जणी होत्या, कोणाला लागलं असतं, कसं कळणार?

"अगं, उघड ना! बरी आहेस ना तू?"

सुगंधा हलली नाही. काचेत दोन पदरी सूत दिसत होतं, हाताने पीळ दिलेलं, घोट्याभोवती नीट एकाखाली एक बसलेलं. तिने ओठ हलवत मोजलं. चार फेरे झाले होते.

पाचवा चालू होता.